सवय कशाची होते? छोट्या कंट्रोल रूममधल्या मॉनिटरांविषयी एक संवाद

मुंबई-पुण्यात आज बनणारं पुष्कळसं संगीत मोठ्या स्टुडिओत मिक्स होत नाही. मालिकांची शीर्षकगीतं, जाहिरातींच्या जिंगल्स, भक्तिगीतं, वेब मालिकांचं पार्श्वसंगीत, पॉडकास्ट असं कितीतरी काम फ्लॅटमधल्या एखाद्या बेडरूमची कंट्रोल रूम करून तिथेच पुरं होतं. अशा खोलीचं माप साधारण बारा फूट बाय दहा फूट, उंची नऊ फूट. भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचांची खिडकी. या खोलीत स्टुडिओ मॉनिटरांची जोडी कशी मांडावी, यावर दोन मतं हिरिरीने मांडली जातात. एका मतानुसार चांगला स्पीकर घ्यावा, उरलंसुरलं सॉफ्टवेअरने सुधारावं आणि कानाला त्याची सवय होऊ द्यावी. दुसऱ्या मतानुसार आधी जागा ठरवावी, मग खोली सुधारावी आणि स्पीकरवरचा खर्च त्यानंतर करावा. दोन्ही मतांना पुरेशी ताकद मिळावी म्हणून इथे ती दोघांच्या तोंडी दिली आहेत: नुकतीच अशी खोली घेतलेली एक तरुण संगीत संयोजिका आणि एक अनुभवी रेकॉर्डिस्ट. पात्रं कल्पित आहेत, दाखले आणि आकडे खरे आहेत. माझा कल रेकॉर्डिस्टकडे आहे, हे आधीच सांगतो. पण संयोजिकेच्या आक्षेपांना तोंड दिल्याशिवाय ती बाजू नेमकी होत नाही, असंही मला वाटतं.

संयोजिका: दादा, माझ्याकडे पैसे एकदाच आहेत. त्यातून पाच इंचीऐवजी आठ इंची मॉनिटर घेता येतील, नाहीतर भिंतींना रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी खनिज लोकर, लावता येईल. स्पीकर उद्या विकता येतो. भाड्याच्या घरातल्या भिंतीत घातलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि इतिहासही माझ्याच बाजूचा आहे. यामाहाचा एनएस-१० १९७८ साली घरगुती हाय-फाय स्पीकर म्हणून बाजारात आला. घरांमध्ये त्याचं फारसं कौतुक झालं नाही, पण पांढऱ्या कोनाचा हाच स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत कन्सोलवर जाऊन बसला. त्याचा मधला पट्टा ठसठशीत, खालचे स्वर जेमतेम. २००१ साली त्याचं उत्पादन थांबलं, तरी लोक आपापली जोडी जपून आहेत. ऑराटोनमध्ये तर एकच छोटा ड्रायव्हर, ना वेगळा ट्वीटर ना वूफर. असल्या अपुऱ्या स्पीकरांवर जगाने डोक्यावर घेतलेली गाणी मिक्स झाली, कारण इंजिनिअरच्या कानाला त्यांची सवय होती. सवयीनेच काम होत असेल, तर मी खोलीच्या मागे का लागायचं?

रेकॉर्डिस्ट: इतिहास तू बरोबर सांगितलास, फक्त अर्धाच. २००१ साली फिलिप नेवेल, कीथ हॉलंड आणि ज्युलियस नेवेल यांनी एनएस-१० वर शोधनिबंध लिहिला. हा स्पीकर इतकी वर्षं टिकला कसा, हाच त्यांचा प्रश्न होता. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मोजमापांत दिसलं, की या बंद पेटीच्या स्पीकरमध्ये खालचा स्वर थांबला की आवाजही झटकन थांबतो. पोर्ट, म्हणजे पेटीला हवेचं छिद्र, असलेल्या अनेक मॉनिटरांमध्ये तो मागे रेंगाळतो. म्हणजे त्याचे खालचे स्वर थोडे होते, पण वेळेवर होते. दुसरं असं, की हा स्पीकर नावारूपाला आला तो मोठ्या स्टुडिओंच्या कंट्रोल रूममध्ये. भिंतीत बसवलेल्या मोठ्या मॉनिटरांसाठी त्या खोल्या हिशोबाने बांधलेल्या असत. इंजिनिअर एक बटण दाबून मोठ्या मॉनिटरांवर खालचे स्वर तपासायचा आणि परत एनएस-१० वर यायचा. तेव्हा ती सवय चांगल्या खोलीत ठेवलेल्या स्पीकरची होती. मी सवयीच्या विरोधात नाही. सवय कशाची होऊ शकते, एवढंच विचारतो. स्पीकर एकूण थोडा तिखट असेल, खालचे स्वर सावकाश उतरत गेले असतील, तर कान ते हिशोबात धरायला शिकतो, कारण सगळं ऐकू येत असतं, फक्त प्रमाण वेगळं असतं. पण एखादा स्वर तुझ्या खुर्चीपर्यंत पोचतच नसेल, तर कान काय शिकणार? रंगीत काचेच्या चष्म्याची सवय होते. काचेवरच्या काळ्या ठिपक्यामागे काय आहे, ते कितीही दिवस चष्मा घातला तरी कळत नाही. छोट्या खोलीचा मुख्य दोष या दुसऱ्या जातीचा आहे.

संयोजिका: तो दोष खरंच एवढा मोठा असतो का? रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की आवाज खणखणतो, हे मला कळतं. पडदे, गादी, पुस्तकांचं कपाट आलं की ते जातं. मॉनिटर माझ्यापासून जेमतेम चार फुटांवर असणार. एवढ्या जवळून थेट आवाजच जास्त येईल. निअरफील्ड मॉनिटर त्यासाठीच असतात ना, खोलीचा संबंध कमी यावा म्हणून?

रेकॉर्डिस्ट: जवळ बसण्याचा फायदा होतो, पण मधल्या आणि वरच्या स्वरांपुरता. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं, की त्या दिशेचा पहिला अनुनाद मिळतो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे ४७ हर्ट्झ. दहा फुटांना ५७, नऊ फुटांना ६३. त्यांच्यावर पुन्हा प्रत्येकाची दुप्पट, तिप्पट. या स्वरांची तरंगलांबी साडेपाच ते सव्वासात मीटर आहे, म्हणजे तरंग खोलीपेक्षाही मोठा. तू चार फुटांवर बसलीस काय आणि सहा फुटांवर बसलीस काय, त्या एकाच तरंगाच्या पोटात बसलेली असतेस. मॅनफ्रेड श्रोडर यांनी एक सूत्र दिलं आहे: निनादकाळाला, म्हणजे खोलीत आवाज विरायला लागणाऱ्या वेळाला, खोलीच्या घनफळाने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि दोन हजाराने गुणायचं. आपली खोली ३० घनमीटरची, निनादकाळ ०.३ सेकंद धरला तर उत्तर येतं २०० हर्ट्झ. हे सूत्र मोठ्या सभागृहांच्या अभ्यासातून आलं, त्यामुळे छोट्या खोलीत ती सीमारेषा काटेकोर नसते; पण दिशा स्पष्ट आहे. त्या आकड्याच्या खाली खोलीचे सुटे सुटे अनुनाद सत्ता चालवतात, आणि तिथे स्पीकर महाग की स्वस्त याने फारसा फरक पडत नाही. आता या पट्ट्यात काय काय येतं ते बघ. बेस गिटारची सगळ्यांत खालची तार ४१ हर्ट्झ, तिच्या शेजारची ५५. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९, त्याच पट्टीतला गायकाचा षड्ज १३९. शिवाय डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची धूम, ढोलाचा ठोका, किक ड्रम. गाण्याचा सगळा पायाच इथे आहे. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर खुर्ची ठेवलीस तर ४७ हर्ट्झच्या अनुनादाचा दाब तिथे जवळजवळ शून्य असतो आणि ९४ चा पूर्ण असतो. मागच्या भिंतीला टेकून बसलीस तर लांबीचे सगळेच अनुनाद फुगून येतात. एकाच गाण्यातला एकच बेस त्या दोन खुर्च्यांवर दोन वेगळ्या वाद्यांसारखा वाटेल. टाळी वाजवून यातलं काही कळत नाही, कारण टाळीत हे स्वर फारसे नसतातच. खोली दहा बाय दहा असेल तर दोन दिशांचे अनुनाद एकाच आकड्यावर येऊन बसतात, म्हणून चौरस खोली जास्त त्रास देते. आणि तुझे आठ इंची मॉनिटर अशा खोलीत याच उंचवट्यांना आणखी खुराक देतील.

संयोजिका: बरं, मग जागेचंच बोलू, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पण जागेबद्दल जाणकारांचंच एकमत नाही. पुष्कळ जण सांगतात, मॉनिटर भिंतीपासून चांगले चार फूट पुढे काढा, भिंतीजवळ बेस फुगतो. माझ्या बारा फुटांच्या खोलीत मॉनिटर चार फूट पुढे आणले, त्यांच्यापुढे बसायला साडेतीन फूट सोडले, की खुर्ची खोलीच्या मध्याच्याही मागे जाते. पाठीमागे दार उघडायला जागा उरत नाही. मोठ्या स्टुडिओचे नियम तुम्ही लोक छोट्या खोल्यांना लावता, अशी माझी तक्रार आहे.

रेकॉर्डिस्ट: ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे, आणि तिच्या बाजूने आकडेही आहेत. खालचे स्वर स्पीकरमधून चहूबाजूंना पसरतात. मागच्या भिंतीवर आपटून ते परत येतात आणि थेट आवाजात मिसळतात. स्पीकरचा पुढचा चेहरा भिंतीपासून जितका लांब, त्याच्या चौपट ज्या स्वराची तरंगलांबी असते, तो स्वर उलटा होऊन परत येतो आणि स्वतःलाच खातो. चार फूट, म्हणजे साधारण सव्वा मीटर पुढे काढलास तर हा खड्डा पडतो ६९ हर्ट्झला. आत्ता सांगितलेला काळी एकचा खर्ज तोच. त्याचे वरचे स्वयंभू स्वर ऐकू येतील, म्हणून तंबोरा वाजतोय असं वाटेल, पण बुडाचा स्वर किती आहे ते कळणार नाही. डग्ग्याचा आणि बेसचाही तोच भाग पातळ होईल. तू तो इक्वलायझरने वाढवशील, आणि गाडीत तेच गाणं बदाबदा वाजेल. हा खड्डा उपयोगी पट्ट्याच्या खाली ढकलायचा तर स्पीकर भिंतीपासून दोन मीटरहून जास्त पुढे हवा; बारा फुटांत ते शक्य नाही. म्हणून उलट जायचं. मॉनिटर भिंतीजवळ न्यायचे, पोर्ट मागे असेल तर त्याला श्वास घ्यायला वितभर जागा ठेवायची. चेहरा भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आला, की तो खड्डा २१५ हर्ट्झच्या आसपास जातो. तिथली तरंगलांबी दीड-पावणेदोन मीटरची, तेव्हा मागे चार इंची रॉकवूलचं पॅनेल उभं केलं तरी तो बऱ्यापैकी आवरतो. भिंतीजवळ बेस फुगतो हे खरंच आहे, जास्तीत जास्त सहा डेसिबलपर्यंत. पण हा फुगवटा बऱ्याच रुंद पट्ट्यावर पसरलेला असतो, आणि तो उतरवण्याचं बटण बहुतेक सक्रिय मॉनिटरांच्या पाठीवर दिलेलं असतं. पसरट फुगवटा सहज खाली आणता येतो, खड्डा भरता येत नाही. निवड करायची तर फुगवटा घ्यावा. कोपरा मात्र टाळ. तिथे दोन भिंती एकदम मदतीला येतात.

संयोजिका: मग माझ्या खोलीचं नेमकं चित्र सांगा.

रेकॉर्डिस्ट: दहा फुटी भिंतीकडे तोंड करून बस, म्हणजे आवाज बारा फुटांच्या दिशेने जाईल. कान पुढच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे १.४ मीटरवर ठेव. हा आकडा सुरुवातीपुरता आहे. त्या जागी लांबीच्या पहिल्या काही अनुनादांचा शून्यबिंदूही नसतो आणि शिखरही नसतं, म्हणून तिथून सुरुवात करायची. दोन मॉनिटर आणि तुझं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, मधला कोन ६० अंश; आंतरराष्ट्रीय प्रसारण मानकांतही स्टीरिओसाठी हाच कोन दिला आहे. आपल्या मापात त्रिकोणाची बाजू येते सुमारे १.१५ मीटर, आणि बाजूची भिंत प्रत्येक मॉनिटरपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर. डावं-उजवं अंतर बोटभरही वेगळं ठेवू नकोस, कारण आवाज मधोमध उभा राहतो तो त्या समतोलावर. ट्वीटर कानाच्या उंचीला, जमिनीपासून १.२ मीटरच्या आसपास. मॉनिटर टेबलावर ठेवण्याऐवजी टेबलामागे स्टँडवर ठेव, म्हणजे टेबलाची फळी गुणगुणणार नाही आणि त्याच्या पृष्ठावरून उसळणारा आवाजही कमी होईल. मग खुर्ची आणि मॉनिटर मिळून दहा-दहा सेंटिमीटर पुढे-मागे सरकवत मोजायचं. जॉन मल्काही यांचं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. सोबत चहूबाजूंनी सारखं ऐकणारा एक मोजणीचा माइक लागतो. २० ते २०० हर्ट्झचा आलेख जिथे सगळ्यांत कमी खड्ड्यांचा येईल, ती तुझी खुर्ची. भिंतीत खिळा न ठोकता एवढं सगळं होतं.

संयोजिका: भिंतींना मी खाचाखाचांचा दोन इंची फोम लावणार होते; स्वस्त आहे आणि दिसतोही स्टुडिओसारखा. पण तिथेही मला एक शंका आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमनमध्ये काम केलेल्या फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षं लोकांना डोळ्यांआड स्पीकर ऐकवून अभ्यास केला. बाजूच्या भिंतींवरून येणारी परावर्तनं ऐकणाऱ्यांना बऱ्याचदा आवडतात, आवाज त्याने रुंद वाटतो, असं त्यांचं म्हणणं आहे. मग तुम्ही ती मारायला का निघालात? तुमचं बरोबर की त्यांचं?

रेकॉर्डिस्ट: दोन्ही एकत्र बसतात. सच्छिद्र वस्तू ध्वनी चांगला खाते तो तिची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याला पोचली की. दोन इंचांच्या हिशोबात तो स्वर येतो १७०० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या खाली तिची पकड सुटत जाते आणि दोन-तीनशे हर्ट्झला फारसं काही उरत नाही. ५० हर्ट्झला तोच चौथा हिस्सा १.७ मीटर होतो. चारही भिंती फोमने मढवल्यास तर झांज, टाळ, सतारीची जवारी, गायकाचा श्वास या सगळ्यांची चमक खोली गिळून टाकेल आणि बेस होता तसाच घुमत राहील. टूल यांच्या अभ्यासाचा दुसरा भाग इथे लागू पडतो. परावर्तन थेट आवाजासारखंच असेल तर कान ते सहज सामावून घेतो. स्पीकरच्या बाजूने निघणारा आवाजही समोरच्या आवाजासारखा गुळगुळीत असावा, असा त्यांचा आग्रह त्यासाठीच आहे. पातळ फोम परावर्तनाचं फक्त डोकं छाटतो आणि धड सोडून देतो. म्हणून लावायचं तर जाड, नाहीतर लावूच नये. मधल्या-वरच्या स्वरांत ऐकणाऱ्याच्या आनंदासाठी आणि मिक्स करणाऱ्याच्या कामासाठी गरजा थोड्या वेगळ्या असतात, एवढंही मी म्हणेन. तुझ्या खोलीत बाजूच्या भिंतीवरचा आवाज थेट आवाजानंतर साडेचार मिलिसेकंदांनी येतो, सुमारे सात डेसिबलने कमी. कान त्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकत नाही, थेट आवाजातच मिसळून टाकतो, आणि मधोमध असलेला गायक थोडा पसरतो. गायकाला अर्धा डेसिबल वर घ्यायचा की नाही, हे ठरवणाऱ्याला ते अडचणीचं. म्हणून खुर्चीत बसून मदतनिसाला भिंतीवर आरसा फिरवायला सांग. ज्या जागी आरशात ट्वीटर दिसेल, तिथे चार इंची रॉकवूलचं कापडात गुंडाळलेलं पॅनेल, भिंतीपासून दोन-चार इंच सुटं. डोक्यावर छतालाही तसंच एक हवं. बाकीची जाडी कोपऱ्यांत आणि मागच्या भिंतीला घाल, कारण खालच्या स्वरांचा दाब तिथे जमतो. सहा-आठ इंच भरलंस तरी ते जास्त होत नाही. ही सगळी पॅनेलं लाकडी चौकटीत पायांवर उभी राहतात. घर बदललं तर टेम्पोत घालून नेता येतात. तेव्हा भाड्याच्या घराचा तुझा आक्षेप भिंतीत गाडलेल्या कामाला लागू होतो, याला नाही. मोकळी जमीन, मोकळी कपाटं, थोडी उघडी भिंत राहू दे. खोली मेलेली वाटली तर दिवसभर काम करवत नाही.

संयोजिका: आता माझा सगळ्यांत भक्कम मुद्दा. आज माइक लावून खोली मोजणारी आणि आवाज आपोआप सपाट करणारी यंत्रणा मॉनिटरांतच येते. जेनेलेकचं सॉफ्टवेअर आहे, सोनारवर्क्स आहे, डिराक आहे. तुमची एवढी लाकडं आणि लोकर उभी करण्यापेक्षा अर्ध्या तासात काम होतं. आलेख सरळ रेषेत येतो. मग काय राहिलं?

रेकॉर्डिस्ट: या यंत्रणांचं काम मी मानतो, आणि तुझ्या खोलीत शेवटी तीच वापरायला सांगेन. एखादा अनुनाद फुगून आला असेल तर फिल्टर तो खाली आणतो, आणि त्याच्याबरोबर त्या स्वराचं रेंगाळणंही त्या खुर्चीपुरतं कमी होतं; हे खरं काम आहे. भिंतीजवळचा फुगवटा, दोन मॉनिटरांमधला लहानसा फरक, हेही त्याने सुधारतं. पण खड्डा पडतो तो दोन ध्वनी एकमेकांना खातात म्हणून. तिथे तू दहा डेसिबल वाढवलेस, तर थेट आवाज वाढतो आणि भिंतीवरून येणारा उलटा आवाजही तितकाच वाढतो. बेरीज जिथल्या तिथे. दहा डेसिबल म्हणजे अँप्लिफायरला दहा पट ताकद. वूफर धापा टाकतो आणि खुर्चीवर काहीच पोचत नाही. चांगली यंत्रणा हे ओळखून खोल खड्डे भरायचं टाळते. आणि जिथे भरले जातात, तिथे ते एका बिंदूपुरते. तू मागच्या सोफ्यावर बसलेल्या निर्मात्याकडे वळलीस की आलेख निराळा. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जागा, मग शोषण, मग फिल्टर. जागेने खड्डे कमी होतात, शोषणाने रेंगाळणं कमी होतं, उरलेले उंचवटे फिल्टर कापतो. हाच क्रम उलटा केलास तर फिल्टरला जे जमत नाही तेच काम तू त्याला दिलेलं असतं.

संयोजिका: तरी शेवटचा प्रश्न उरतोच. ऐकणारे ऐकतात कुठे? मोबाइलवर, कानात घालायच्या बड्सवर, रिक्षात, टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर. ६९ हर्ट्झ त्यांच्यापर्यंत बऱ्याचदा जातच नाही. आणि मला खालचे स्वर तपासायचेच असतील, तर चांगला हेडफोन खोलीच्या सगळ्या भानगडींतून मोकळा आहे.

रेकॉर्डिस्ट: हेडफोनचा मुद्दा मी लिहून घ्यायला सांगेन. ज्या स्वरांत खोली खोटं बोलते, तिथे हेडफोन दुसरा साक्षीदार म्हणून ठेवावाच. त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत: डाव्या मॉनिटरचा आवाज जसा दोन्ही कानांना पोचतो तसा हेडफोनमध्ये पोचत नाही, त्यामुळे वाद्यांची रुंदी आणि रिव्हर्बचं प्रमाण फसवतं. दोघांना एकमेकांची तपासणी करू दे. मोबाइलच्या मुद्द्याचा निष्कर्ष मात्र मी उलटा काढतो. ऐकणाऱ्यांची साधनं हजार तऱ्हेची, त्यांचे दोषही हजार तऱ्हेचे. एकाकडे बेस कमी, दुसऱ्याकडे जास्त. पण तुझ्या खोलीचा दोष गाण्याच्या प्रत्येक प्रतीत जातो. ऐकणारा फोन बदलेल, गाडी बदलेल. तुझ्या खोलीने वाढवलेला बेस त्या गाण्यात कायम राहील. शिवाय लग्नाच्या हॉलमध्ये, मिरवणुकीत, थिएटरात तेच गाणं मोठ्या वूफरवर वाजतं, आणि फोनवर लपलेलं सगळं तिथे उघडं पडतं. टूल यांनी यालाच चक्राकार गोंधळ म्हटलं आहे: सदोष स्पीकरांवर ध्वनिमुद्रणं घडतात आणि त्याच ध्वनिमुद्रणांवरून पुढचे स्पीकर पारखले जातात. तो गोंधळ कुठेतरी तोडायचा तर तो मिक्स करणाऱ्याच्या खोलीतच तुटू शकतो. आणखी एक साधी गोष्ट कर: ऐकण्याची पातळी ठरवून टाक. आवाज हळू केला की कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. एवढ्याशा खोलीत पिंक नॉइज लावून एकेक मॉनिटर ७५ डेसिबलच्या आसपास ठेव, नॉबवर खूण कर, आणि निर्णय त्या खुणेवर घे. शेजाऱ्यांचीही तक्रार येणार नाही.

इथे संवाद थांबवून त्यातून काय हाती आलं ते मला माझ्या शब्दांत मांडायचं आहे. संयोजिकेचा मूळ दावा होता, की सवय झाली की कुठल्याही स्पीकरवर काम होतं. त्याचा अर्धा भाग टिकतो आणि तो मोलाचा आहे. एकच जोडी, एकच जागा, एकच पातळी वर्षानुवर्षं ठेवणारा माणूस दर सहा महिन्यांनी महागडे मॉनिटर बदलणाऱ्यापेक्षा चांगलं मिक्स करील, असं मीही मानतो. पण सवयीला काम करायला दोन गोष्टी लागतात: दोष स्थिर असावा आणि तो ऐकू यावा. छोट्या खोलीतले खालच्या स्वरांचे खड्डे या दोन्ही कसोट्यांवर नापास होतात. डोकं वीतभर हललं, गाण्याची पट्टी काळी एकवरून काळी दोनवर गेली, की दोष बदलतो. आणि तो आहे हे त्या खुर्चीवर बसून कळतच नाही. ज्या अनुभवी लोकांनी अपुऱ्या स्पीकरांवर थोर काम केलं, त्यांच्या खोल्यांनी ही अट आधीच पुरी केलेली होती. त्यांचा स्पीकर उचलून आपण बेडरूममध्ये आणतो तेव्हा त्यांची सवय सोबत येत नाही.

तिचे बाकीचे आक्षेप मात्र या बाजूला सुधारून गेले. मोठ्या स्टुडिओचे नियम डोळे मिटून लावायचे नाहीत. भिंतीपासून लांबचा सल्ला बारा फुटांत उलटतो, हे आकड्यांनीच दाखवलं. पैशांच्या बाबतीत ती बरोबर आहे, म्हणून उपाय हलवता येण्याजोगे असावेत. सगळी परावर्तनं मारून खोली बधिर करण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर आणि हेडफोन ही दोन्ही साधनं खरी आहेत, त्यांची पाळी कधी येते एवढंच ठरवायचं. या सगळ्यातून खर्चाचा क्रमही निघतो. पाच इंची बऱ्यापैकी मॉनिटर, दोन भक्कम स्टँड, मोजणीचा माइक, मग जाड पॅनेलं आणि कोपऱ्यांची भरती. आठ इंची मॉनिटरांचा विचार त्यानंतर, मोजून पाहिलेला आलेख त्यांची गरज दाखवील तेव्हा.

हे सगळं आग्रहाने मांडण्याचं कारण म्हणजे या छोट्या खोल्यांवर आज मोठी जबाबदारी आहे. आपला डग्गा, आपला तंबोरा, आपला पखवाज पुढच्या पिढीच्या कानांवर कसा पडेल, हे आता पुष्कळदा बारा बाय दहाच्या खोलीत ठरतं. वादकाने आयुष्य घालवून कमावलेला घुमारा एका चुकीच्या ठिकाणी ठेवलेल्या खुर्चीमुळे गाण्यातून कमी व्हावा किंवा फुगून बेढब व्हावा, हे मान्य करण्यासारखं नाही, विशेषतः त्यावरचा पहिला उपाय एका मोजपट्टीने आणि अर्ध्या दिवसाच्या चिकाटीने होत असताना. नवी खोली घेतलेल्या प्रत्येकाने स्पीकरच्या दुकानात जाण्याआधी खोलीची तिन्ही मापं कागदावर लिहावीत, अनुनादांचे आकडे काढावेत आणि खुर्चीची जागा ठरवावी. चांगल्या कामाची सवय लागायची, तर ती खरं ऐकवणाऱ्या जागेवर बसून लागली पाहिजे.